श्वास न तोडता

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत निव्वळ तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवून पोट भरणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जे वाजवतात ते दिवसा भात कापतात, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत राबतात, वीटभट्टीवर जातात, नाहीतर गुजरातच्या हद्दीत उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत पाळी करतात. रात्री तोच माणूस भोपळ्याला तोंड लावतो आणि पहाट होईपर्यंत सोडत नाही. हौशी कलावंत म्हणजे जरा उतरत्या प्रतीचा, अशी एक समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. इथल्या पाड्यांवर ती टिकत नाही. इथे कला धरून ठेवली आहे ती हौशी माणसांनीच, आणि तिची पातळी फार वरची आहे.

मी या भागात प्राथमिक शिक्षक आहे. घाटावरून नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो. पेटी लहानपणापासून वाजवतो. शाळेत प्रार्थना आणि समूहगीतं, गणपतीत आरत्या, भजनाला कुणी बोलावलं तर साथ, आणि घरी स्वतःसाठी नाट्यपदं. माझी पेटी एवढीच. चाळिशी उलटल्यावर, नोकरी आणि संसार सांभाळून, आपल्या आवाक्याबाहेरची रचना शिकायला घेणं म्हणजे काय असतं, ते मला तारप्याने दाखवलं. ते सांगावंसं वाटतं, कारण माझ्यासारखे हौशी वादक गावोगाव आहेत. पेटी वाजवणारे आहेत, शहरात पियानो किंवा कीबोर्ड वाजवणारे आहेत. ‘आता या वयात काय नवीन शिकायचं’ असं म्हणून त्यांतले बरेच जण येतं तेवढंच वाजवत राहतात.

पेटीवर अवघड पद बसवायची माझी रीत ठरलेली होती. आधी पद कानात मुरू द्यायचं. मग अस्ताई वेगळी, अंतरा वेगळा. जी तान अडते तिचे चार-चार सुरांचे तुकडे पाडायचे, निम्म्या लयीत घोटायचे आणि मग सांधायचे. अडलं की थांबायचं, पुन्हा मागून यायचं. पियानो शिकणारे जगभर साधारण असंच करतात. दोन हातांचं काम आधी सुटं सुटं, मग एकत्र. अवघड जागा आधी, सोपी नंतर. ही रीत चांगलीच आहे आणि मी आजही ती सोडलेली नाही. पण तारप्यासमोर बसल्यावर तिच्या जोडीला बरंच काही लागलं.

तारप्यावर जी धून वाजते तिला इथे चाळा म्हणतात. चाळा म्हणजे सुरांचा एक लहानसा फेरा. तो एकदा वाजवून संपत नाही. नाचणाऱ्यांची माळ फिरते तोवर तोही फिरत राहतो. प्रत्येक चाळ्याची पावलं ठरलेली असतात. चाळा बदलला की अख्खी माळ पावलं बदलते. देवाचा चाळा वेगळा, लग्नातला वेगळा, मोराचा वेगळा, लावरीचा वेगळा. नावं पाड्यागणिक थोडीफार बदलतात, चाल मात्र माणसं चटकन ओळखतात. पेटीवर पद संपलं की मी हात काढून घेतो. इथे रचनेला सुरुवात असते, पण शेवट कुठे करायचा हे वाजवणारा एकटा ठरवत नाही.

मला शिकवणारे बाबा आमच्या शाळेतल्या एका मुलाचे आजोबा. वारली बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. त्यामुळे ते मला ‘गुरुजी, तू’ म्हणत आणि मी त्यांना ‘बाबा, तुम्ही’. शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी वाजवणं. एवढी जागा जरा सुटी करून दाखवा, असं म्हटलं की ते पूर्ण चाळा पुन्हा पहिल्यापासून वाजवत. त्यामागचं कारण मला स्वतः वाजवायला लागल्यावर उमगलं. चाळ्यातला कुठलाही सूर मागच्या-पुढच्या सुरांशिवाय तसा वाजतच नाही, कारण मधे हवा कुठे थांबत नाही. तुकडा पाडायचा तर श्वास तोडावा लागतो, आणि श्वास तुटला की उरतो तो नुसता आवाज.

बाबांनी वाजवायला देण्याआधी मला तारपा तयार होताना बघायला बसवलं. दुधी भोपळा वेलावर पुरता जून होऊ देतात, वाळवतात, आतल्या बिया काढून टाकतात. वरच्या अंगाला फुंकायचं भोक. खालच्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवतात आणि फटी मेणाने बुजवतात. नळ्यांपैकी एक नर, एक मादी. नळ्यांच्या पुढे ताडाची पानं एकावर एक गुंडाळून केलेला लांब भोंगा. मोठा तारपा माणसाच्या उंचीचाही असतो. यातली सगळ्यात नाजूक वस्तू बाहेरून दिसतच नाही. नळीचं जे टोक भोपळ्याच्या आत राहतं तिथे बांबूचीच पातळ जीभ असते. हवा आली की ती थरथरते आणि सूर निघतो. या जिभेच्या टोकावर मेणाचा कण लावला की सूर उतरतो, कण काढला की चढतो. बाबा अंगठ्याच्या नखावर मोहरीएवढं मेण घेत, जिभेला लावत, नळी फुंकून बघत, मान हलवत, पुन्हा नखाने खरवडून घेत. दोन्ही नळ्यांचे सूर एकमेकांत मिसळून अंगात घुमणारा आवाज निघेपर्यंत हे चाले. घाई नाही, पण समाधान झाल्याशिवाय सोडणंही नाही. मी पेटी दुकानातून सुरात लावलेली आणली होती. सूर स्वतः लावून मग वाजवायचा, हा धडा मला नवा होता. अवघड रचनेची तयारी वाद्यापासून सुरू होते, हे त्या दुपारी मनात पक्कं झालं.

तारप्याची खरी परीक्षा श्वासाची. चाळा चालू असताना आवाज क्षणभरही खंडता कामा नये. म्हणजे नाकाने श्वास घेत असतानाच तोंडातली हवा बाहेर जात राहिली पाहिजे. गाल फुगवून हवेचा साठा करायचा, छातीतली हवा संपत आली की गालांनी तो साठा दाबायचा, आणि तेवढ्या अवधीत नाकाने झटकन श्वास ओढून घ्यायचा. शहनाईवाले हेच करतात, पुंगीवाले गारुडी हेच करतात, आणि फुंकणीने ज्योत एकसारखी धरणारे जुने सोनारही हेच करत आले. पेटीला भाता आहे. तारपा वाजवणाऱ्याने स्वतःच भाता व्हायचं असतं.

हे शिकायला मला पावसाळा उपयोगी पडला. भाताची लावणी सुरू झाली की नवं पीक तयार होईपर्यंत तारपा वाजवायचा नाही, असा आमच्या पाड्याचा नेम आहे. वाद्य घरात टांगलेलं राहतं. शेतात कणसरी, म्हणजे धान्याची देवता, वाढत असते आणि माणसं चिखलात वाकून कामात असतात. तिच्या येण्याचा आनंद म्हणूनच पुढे तारपा वाजतो. वाद्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर शिकणाऱ्याने काय करायचं? बाबांनी पपईचं एक पान तोडलं, त्याचा पोकळ देठ माझ्या हातात दिला आणि पाण्याने भरलेला तांब्या पुढे सरकवला. देठाने पाण्यात फुंकायचं, आणि श्वास घेतानाही बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत.

शाळा सुटल्यावर ओसरीवर बसून मी हे करत असे. पहिले काही आठवडे श्वास घेताना बुडबुडे थांबत. मग कधीतरी एक-दोन बुडबुडे त्या खिंडीतून निसटले. त्यानंतर रोज थोडी थोडी भर पडत गेली. अवघड गोष्ट शिकताना ती मधल्या कुठल्या तरी दिवशी नकळत जमते, हा अनुभव पेटीवरही आला होता. शरीराला जे शिकायचं ते शरीर आपल्या गतीने शिकतं. आपलं काम एवढंच, की त्याला रोज तीच गोष्ट नेमाने द्यायची. थकवा येईपर्यंत ताणण्यापेक्षा रोज थोडा वेळ, खाडा न करता, याचा गुण मोठा. जोडीला मी चाळा तोंडाने गुणगुणत असे. शाळेची वाट बांधाबांधाने जाते. त्या वाटेवर पावलागणिक चाळा मनात फिरवत राहिलो, आणि वाद्य हाती येण्याआधीच तो पाठ झाला.

या काळात मला आणखी एक गुरू मिळाला, तो विशीतला. आता पाड्यावरच्या लग्नात बँड असतो. गाडीवर मोठाले कर्णे चढवलेले, आणि एखादा पोरगा कीबोर्डवर तारप्याचे चाळे वाजवतो. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी इथे त्याला कॅशिओच म्हणतात. जुनीजाणती माणसं या बँडबद्दल कुरकुरतात. मला मात्र त्या पोराचं काम नीट बघण्यासारखं वाटलं. स्वरांची नावं त्याला ठाऊक नव्हती, कुठल्या वर्गाला तो गेलेला नव्हता. आजोबांचा तारपा ऐकून ऐकून त्याने पट्ट्या शोधून काढल्या होत्या. उजव्या हाताने चाळा वाजवताना डाव्या हाताचा अंगठा तो कीबोर्डच्या डाव्या कडेच्या चाकावर ठेवी आणि ऐन जागी ते किंचित फिरवून सूर वाकवी. त्याच्या शेजारी बसून मी तेच चाळे आमच्या शाळेतल्या कीबोर्डवर बसवले.

तिथे एक गोष्ट स्पष्ट झाली. तारप्याचे सूर पेटीच्या पट्ट्यांत चपखल बसत नाहीत. नळीवरची भोकं त्या बांबूच्या मानाने आणि करणाऱ्याच्या बोटांच्या मापाने पाडलेली असतात. त्यामुळे एखादा सूर दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडतो. पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे. ठरलेले बारा सूर, त्यांच्या मधलं काही निघत नाही, मींड नाही, या कारणांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, आणि ती १९७१ साली उठेपर्यंत तीन दशकं गेली. कीबोर्डवर मी जो चाळा वाजवला तो मूळ चाळ्याचा नकाशा होता. पण नकाशाही उपयोगाचा असतो. लय निम्मी करून मला फेऱ्याची घडण बघता आली. कुठला सूर पुन्हा पुन्हा येतो, वजन कुठे पडतं, फेरा कुठून वळतो हे कळलं. पुढे तारपा हातात आला तेव्हा बोटांना रस्ता माहीत होता.

हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक गावोगाव फिरून शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत असे, आणि त्याच बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात पियानो शिकणाऱ्यांसाठी ‘मिक्रोकॉसमॉस’ हा १५३ रचनांचा संग्रह लिहिला. पहिल्या भागातल्या रचना अगदी नवशिक्याच्या, सहाव्या भागातल्या मैफलीत वाजवाव्यात अशा. शेतावरच्या माणसांचं संगीत आणि घरी पियानोवर बसलेला शिकाऊ यांच्यात त्याने एक जिना बांधला. तारप्याच्या चाळ्यांचा असा पायरीपायरीने चढत जाणारा संग्रह पेटीसाठी, कीबोर्डसाठी कुणीतरी केला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मी माझ्यापुरते काही चाळे वहीत उतरवले आहेत. त्यात सुरांबरोबर पावलंही लिहिली आहेत.

पावलं लिहायची बुद्धी बाबांमुळे झाली. नवं भात घरात आलं, तारपा खाली उतरला, तरी त्यांनी मला आधी माळेत उभं केलं. शेजाऱ्याच्या कमरेला हात घालून, माझ्याच विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मधे मी फिरलो. माळेच्या पुढे घोळकाठी घेतलेला माणूस असतो. तो काठी जमिनीवर आपटतो, तिच्यातले लोखंडी तुकडे खणखणतात, आणि त्या ठोक्यावर सगळ्यांची पावलं पडतात. वाजवणारा मधे उभा राहतो, वाजवता वाजवता स्वतःही डोलतो, सरकतो. माळ त्याच्याभोवती वेटोळं घालते, पण त्याच्याकडे पाठ करत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांतलं हे वेटोळं आता सगळ्यांच्या परिचयाचं आहे. चित्रात ते बघणं आणि त्यात पाऊल टाकणं यांत खूप अंतर आहे. आत असताना चाळा कानांपेक्षा पोटऱ्यांना आधी समजतो.

मग एका रात्री बाबांनी तारपा माझ्याकडे दिला. वेटोळं लहान होतं, ओळखीची माणसं होती. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, ‘गुरुजी, पाय बघ.’ मी बोटांकडे न बघता पावलांकडे बघत वाजवायला लागलो. लय किंचित ढळली की पावलांचा आवाज फुटतो. एकत्र पडणारं ‘धप्’ विस्कटतं. लय सावरली की तो आवाज पुन्हा एक होतो. हौशी वादकाला आपण बरोबर वाजवतोय की नाही, हे सांगणारं इतकं चोख काही मला आधी मिळालं नव्हतं. पेटीवर घरी एकट्याने वाजवताना चूक लपते, किंवा तिची सवय होऊन जाते. इथे माझ्या सुरांवर माणसांचं चालणं अवलंबून होतं, त्यामुळे लक्ष इकडेतिकडे जायला जागाच नव्हती.

सगळ्यात अवघड गोष्ट त्यापुढची, ती म्हणजे चाळा बदलणं. एका फेऱ्यातून दुसऱ्यात जाताना आवाज थांबवायचा नाही, माळ अडखळू द्यायची नाही, आणि बदल येतोय हे घोळकाठीवाल्याला कळलं पाहिजे. बाबा बदलाआधी एक सूर जरा लांबवत, त्याला थोडं वजन देत. तेवढ्यावर काठी वर उचलली जाई आणि पुढचं पाऊल नव्या चालीचं पडे. बोलणं नाही, खूण नाही. हे वळण मी कीबोर्डवर घोटलं, पपईच्या देठावर घोटलं, आणि शेवटी माळेसमोर शिकलो. आता ते मला येतं. ते येतं तेव्हा जो आनंद होतो तो एकट्याच्या रियाजात मिळणाऱ्या आनंदापेक्षा मोठा आहे, कारण तो अनेकांच्या अंगात एकाच वेळी उमटतो.

याचा परिणाम माझ्या वर्गावर झाला. वाचनात मागे असलेली मुलं माळेत अग्रभागी असतात. चाळा बदलला की ती पापणी लवायच्या आत पाऊल बदलतात. इतकं बारीक ऐकणारं मूल शिकायला मंद कसं असेल? म्हणून मी वर्गात पूर्ण गोष्ट आधी ऐकवायला लागलो, तीच तीच, त्यांच्या बोलीतले शब्द मिसळून. अक्षरं सुटी करायची ती गोष्ट तोंडपाठ झाल्यावर. बाबांनी मला चाळा जसा दिला तशीच मी मुलांना गोष्ट देतो, आणि वाचन वेगाने पुढे सरकतं असं दिसतं. या वाटेवर माझ्याआधी मोठी माणसं चालून गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शिक्षण उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची, म्हणून गुरं चारायच्या कुरणावरच शाळा भरवली. मुलाच्या हाताशी, अंगणात, रानात जे आहे त्यातूनच शिकवायचं, हा त्यांचा आग्रह होता. तारपा तर इथल्या मुलाच्या घरातच टांगलेला असतो.

२०२६ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे. पाड्यापाड्यांवर त्या दिवशी जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. हा मान त्यांचा आहेच, शिवाय दिवसभर राबून रात्री वाजवणाऱ्या सगळ्यांचा आहे. मात्र हा वारसा पुढे जायचा असेल तर शिकायला येणाऱ्या पोरांसाठी वेळ काढावा लागेल. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास तारप्याला द्यावा, पाड्यावरच्या जाणत्या वादकाला गुरू म्हणून बोलवावं आणि त्याला रीतसर मानधन द्यावं. स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस घाईघाईने नाच बसवून हे काम होत नाही. श्वासाला दोन-तीन पावसाळे लागतात.

आणि माझ्यासारख्या हौशी वादकांना एक सांगणं आहे, मग तुमच्यासमोर पेटी असो, पियानो असो की कॅशिओ. आपल्याला परीक्षा द्यायची नसते, बिदागी मिळवायची नसते, कुणाच्या घराण्याचं नाव राखायचं नसतं. त्यामुळे आवाक्याबाहेरची रचना हाती घ्यायला आपल्याइतका मोकळा माणूस दुसरा नाही. अशी एक रचना निवडा. ती पूर्ण ऐका, इतकी की चालताना आपसूक ओठांवर येईल. अवघड जागेला रोज थोडा वेळ द्या. आणि ती पूर्ण बसायची वाट न बघता लवकरात लवकर अशा माणसांसमोर वाजवा, ज्यांना त्यावर गायचं आहे, नाचायचं आहे. मला स्वतःला सध्या लावरीचा चाळा शिकायचा आहे. त्याची लय चढी आहे आणि श्वास घ्यायला जागा फार थोडी मिळते. बाबा म्हणतात, दोन वर्षं लागतील. माझी तयारी आहे.